झाकणाखालचं घर

घराविषयी लिहायचं म्हटलं की नजर दारातून आत जाते. ओटा, देवघर, खिडकीतला उजेड, भिंतीवरचे फोटो. यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'घर' हा विषय दिला, तेव्हा या लेखापुरती ती नजर उलट दिशेने न्यायची असं ठरवलं: मोरीच्या जाळीतून खाली, मागच्या भिंतीवरून उतरणाऱ्या पाइपाबरोबर जमिनीत आणि तिथून साइड मार्जिनमधून रस्त्यापर्यंत. घराचा हा भाग आपण विकत घेतलेला असतो, त्याच्या देखभालीचे पैसे दरमहा भरत असतो आणि तो कुठे आहे हे मात्र आपल्याला सहसा माहीत नसतं.

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत १९८०-९० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली सोसायट्या कोणत्याही रविवारी पाहाव्यात. तळमजल्यावरच्या न्हाणीत पाणी वर येतंय म्हणून प्लंबरला बोलावलेलं असतं. तो खांद्यावरची स्प्रिंग खाली ठेवतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "चेंबर कुठंय?" मग खाली जमलेल्यांचं एकमत होत नाही. कोणाच्या मते ते आंब्याच्या बुंध्याशी, कोणाच्या मते जिन्याखाली. ज्यांना नक्की ठाऊक होतं ते सभासद फ्लॅट विकून मुलाकडे गेलेले. पाच-सात वर्षांपूर्वी सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा झाकणंही त्याखाली गेली. मग अंदाजाने तीन ठिकाणी ब्लॉक उचकटले जातात आणि पहारीचा आवाज बदलेपर्यंत माती उकरली जाते.

या शोधाशोधीकडे आपण किरकोळ कटकट म्हणून पाहतो. माझं म्हणणं असं की ती किरकोळ नाही. मैलापाणी आपल्या आवारातून कुठून जातं आणि ते कुठे उघडता येतं, हे माहीत असणं ही घराच्या मालकीची किमान अट आहे. ही माहिती हरवली की खर्च वाढतो, शेजारी शेजाऱ्याशी भांडतो, नदीत घाण जाते आणि शेवटी कोणीतरी माणूस खड्ड्यात उतरवला जातो. साधं झाकण बुजवण्यापासून गोष्ट इथवर कशी जाते, ते समजून घ्यायचं तर आधी पाण्याच्या मागे जावं लागेल.

न्हाणीपासून रस्त्यापर्यंत

इमारतीच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं तर बहुतेक जुन्या बांधकामांत दोन तऱ्हेचे उभे पाइप दिसतात. पूर्वी ते बिडाचे असत, आता पीव्हीसीचे असतात. जाड, चार इंची पाइप संडासाचा. त्याच्या शेजारचा बारीक पाइप न्हाणी आणि स्वयंपाकघराचा. जाड पाइप वर गच्चीच्याही पुढे गेलेला असतो आणि त्याच्या तोंडावर जाळीची टोपी असते, कारण आतल्या वायूला वर वाट हवी आणि फ्लशचा लोंढा खाली जाताना मागून हवा यायला हवी. ती वाट बंद झाली तर लोंढा जाताना खालच्या मजल्यांवरच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतो. न्हाणीच्या जाळीखाली जो वाकडा तुकडा असतो, तो न्हाणी ट्रॅप. त्यात कायम साचून राहिलेलं दोन इंच पाणी हाच आपल्या आणि गटाराच्या मधला पहिला पडदा. घर महिनाभर बंद ठेवल्यावर दार उघडताच जो वास येतो, तो बहुधा हे पाणी सुकून गेल्याचा असतो. बादलीभर पाणी ओतलं की तो थांबतो.

बारीक पाइप जमिनीशी येतो तिथे भिंतीलगत फूटभर लांबी-रुंदीचा विटांचा चौकोन असतो. हा गली ट्रॅप. झाकण उचललं की आधी जाळी दिसते. तिच्यावर केसांचा गुंता, चार-दोन शितं, चहाचा चोथा, साबणाचा पांढरट साका. जाळीखाली चकचकीत भाजक्या मातीचं वाकण आणि त्यात उभं असलेलं पाणी. पुष्कळ लोक यालाच चेंबर समजतात. तसं ते नसतं. स्वयंपाकघराचं आणि अंघोळीचं पाणी इथे थबकून मग पुढच्या चेंबरमध्ये जातं. संडासाचा जाड पाइप मात्र कुठेही न थबकता थेट चेंबरमध्ये उतरतो. अलीकडच्या इमारतींत सगळं एकाच उभ्या पाइपात घेण्याची पद्धत आहे. तिथे गली ट्रॅप दिसला नाही तर गोंधळून जायचं कारण नाही.

खरं चेंबर उघडलं की त्याची रचना पाहण्यासारखी असते. चारी बाजूंनी विटांचं बांधकाम, आतून घोटलेला सिमेंटचा गिलावा. तळाशी अर्धगोल पन्हळ, तिच्या दोन्ही अंगांना पन्हळीकडे उतरते केलेले कट्टे, म्हणजे काहीही बाजूला साचू नये आणि सगळं पन्हळीत घसरावं. काम चांगलं झालं असेल तर पन्हळीतून पाणी वाहत असतं आणि कट्टे कोरडे असतात. आतल्या भिंतीवर एखादी काळसर आडवी रेघ दिसली तर ती नीट पाहावी. पूर्वी कधी तुंबलं तेव्हा पाणी तिथवर चढलं होतं. कोणाला काही विचारायच्या आधी ती रेघ सोसायटीचा इतिहास सांगते.

झाकण शोधायचं कसं

जमिनीखालची वाहिनी दिसत नसली तरी ती मनमानी करू शकत नाही, कारण तिला उतार सोडता येत नाही. प्लंबरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ठोकताळा असा की चार इंची वाहिनीला चाळीस फुटांत एक फूट उतार हवा, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट. उतार कमी पडला तर पाणी रेंगाळतं आणि घट्ट माल मागे राहतो. दुसरं बंधन असं की जिथे वाहिनी वळते, जिथे दुसरी वाहिनी येऊन मिळते किंवा जिथे उतार बदलतो, तिथे चेंबर बांधायचंच असतं, कारण बांबूची कामटी किंवा लोखंडी सळई सरळ रेषेतच आत सरकते. म्हणजे दोन चेंबरांच्या मधली वाहिनी सरळ असते. या दोन गोष्टी कळल्या की शोध अंदाजाचा राहत नाही, भूमितीचा होतो.

सुरुवात भिंतीवरच्या जाड पाइपापासून करावी. तो जमिनीत शिरतो तिथून भिंतीला काटकोनात बाहेर यायचं. पहिलं चेंबर बहुधा दोन-चार पावलांत असतं. प्रत्येक उभ्या पाइपासमोर असं एक चेंबर असायला हवं. मग रस्त्याच्या बाजूला जायचं आणि आवाराच्या भिंतीलगत शेवटचं चेंबर शोधायचं. जुन्या बांधकामांत यातच इंटरसेप्टिंग ट्रॅप असतो. रस्त्यातल्या वाहिनीचा वायू आणि उंदीर आत येऊ नयेत म्हणून बसवलेला आणि म्हणूनच सगळ्यांत आधी चोक होणारा. शेवटचं चेंबर आवारात सर्वांत खोल असतं. सापडलेल्या प्रत्येक चेंबरात काठी घालून झाकणापासून पन्हळीपर्यंतची खोली मोजली आणि कागदावर लिहिली की पाणी कुठून कुठे जातं ते आकडेच सांगतात. मात्र आवाराची जमीन खाली-वर असेल तर आधी पाणलेव्हलची नळी धरून झाकणांच्या उंचीतला फरक काढावा लागतो. दोन चेंबरांत पाइपाचं तोंड ज्या दिशेला आहे त्या रेषा कागदावर ओढल्या आणि त्या एकाच सरळ रेषेत आल्या नाहीत, तर मध्ये कुठेतरी एक बुजलेलं चेंबर आहेच. रेषा जिथे छेदतात तिथे ते असतं.

आता पहार घ्यायची. घट्ट जमिनीवर पहार आपटली की बद्द आवाज येतो, पोकळीवर आपटली की घुमतो. अनुभवी माणसाला तो पेव्हर ब्लॉकवरूनही कळतो. जमिनीवरच्या खुणा यात मदत करतात. चौकोनी आकारात खचलेले ब्लॉक, पावसानंतर सर्वांत शेवटी वाळणारा पट्टा, उन्हाळ्यातही एकाच रेषेत हिरवं राहणारं गवत, तिन्हीसांजेला एकाच फटीतून निघणारी झुरळं. यातली शेवटची खूण ओंगळ वाटते, पण ती फार क्वचित चुकते. धातुशोधक यंत्र भाड्याने मिळतं. ते बिडाचं झाकण लगेच पकडतं. आरसीसी झाकणाची लोखंडी चौकट आणि आतली सळईही पकडतं. फायबरच्या झाकणापाशी मात्र ते गप्प बसतं, आणि बिडाची झाकणं भंगारात विकण्यासाठी चोरीला जाऊ लागल्यापासून फायबरची पुष्कळ ठिकाणी आली आहेत.

एवढं झाल्यावर पाण्याची चाचणी घ्यायची. दोन माणसं लागतात. एक वरच्या फ्लॅटमध्ये फ्लश ओढतो, दुसरा खाली उघड्या चेंबरपाशी उभा राहतो. पाणी दिसलं तर त्या फ्लॅटचा पाइप इथे येतो हे ठरलं. न्हाणीत नीळ आणि ओट्याच्या बेसिनमध्ये हिरवा खाण्याचा रंग कालवून ओतला तर कोणतं पाणी कुठे निघतं ते वेगवेगळं कळतं. ही चाचणी गच्चीवरच्या पावसाळी पाइपाचीही घ्यायलाच हवी, आणि इथे पुष्कळदा धक्का बसतो. मुंबई-पुण्यात पावसाच्या पाण्याची वाहिनी आणि मैलापाण्याची वाहिनी वेगळ्या ठेवायच्या असतात. प्रत्यक्षात गच्चीचा पाइप जवळ पडलं म्हणून मैल्याच्या चेंबरला जोडलेला असतो. मग पहिल्याच मोठ्या सरीला सगळी चेंबरं उसळतात आणि दोष रस्त्यातल्या वाहिनीला दिला जातो. उलटंही झालेलं असतं. चोकअपला कंटाळून कोणीतरी मैल्याची जोडणी पावसाळी गटाराला देऊन टाकलेली असते. ते गटार कुठेही शुद्धीकरण न होता नाल्यात जातं आणि नाला मुळा-मुठेत. नदीच्या दुर्दशेबद्दल कळकळीने बोलणाऱ्या सोसायटीचंच पाणी तिथे जात असू शकतं, आणि हे कळायला बादलीभर निळं पाणी पुरतं.

भरलेलं आणि कोरडं

तुंबलेल्या वाहिनीत अडथळा नेमका कुठे आहे हे ठरवण्याची रीत इतकी सोपी आहे की ती प्रत्येक घरी ठाऊक असावी. झाकणं क्रमाने उघडत जायची. अडथळ्याच्या अलीकडची सगळी चेंबरं भरलेली असतात, पलीकडची कोरडी. शेवटचं भरलेलं आणि पहिलं कोरडं यांच्या मधल्या सरळ तुकड्यात अडथळा आहे, दुसरीकडे कुठेही नाही. मग कोरड्या बाजूने सळई घालून, वर उभं राहूनच तो मोकळा करता येतो; बाजूला मात्र उभं राहायचं, कारण अडकलेलं पाणी सुटतं ते जोरात. शेवटचं चेंबरही भरलं असेल तर दोष रस्त्याच्या बाजूला आहे, पालिकेकडे तक्रार करायची. तिथे काय दिसलं याचा फोटो जोडला तर तक्रारीला वजन येतं. पण ही रीत चालायची तर सगळी झाकणं माहीत हवीत. पाचपैकी दोन बुजलेली असली की भरलेल्या आणि कोरड्या चेंबरातलं अंतर साठ-सत्तर फूट होतं, मध्ये एखादं न दिसणारं वळण असतं आणि सळई त्या वळणावर अडते. त्या वळणाशी पोचायला मग माणूस लागतो.

गली ट्रॅप बुजवण्याचा परिणाम याहून थेट होतो. तुंबलेलं पाणी नेहमी सर्वांत खालच्या उघड्या तोंडातून बाहेर येतं. गली ट्रॅप तळमजल्याच्या फरशीहून खाली ठेवलेला असतो, म्हणजे पाणी चढलंच तर आधी तिथून, घराबाहेर सांडावं. त्यावर कोबा केला किंवा शहाबादी फरशी सिमेंटने पक्की बसवली की खालचं तोंड बंद होतं आणि पुढचं खालचं तोंड असतं तळमजल्याची न्हाणी. चौथ्या मजल्यावरची घाण पहिल्या घरात येते ती अशी. तळमजल्याच्या रहिवाशांचं सोसायटीच्या सभेतलं तक्रारखोर म्हणून नाव पडतं. खरं पाहता त्यांच्या घराची एक सुरक्षा-झडप सर्वांनी मिळून बंद केलेली असते.

जुन्या वाहिन्यांचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. त्या भाजक्या मातीच्या, दोन-दोन फुटांच्या तुकड्यांच्या असत, आणि प्रत्येक दोन फुटांवर सिमेंटने भरलेला सांधा. पिंपळ-उंबराची मुळं पाण्याच्या ओढीने त्या सांध्यांत शिरतात. काळ्या मातीची जमीन असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सांधे हलवते. म्हणून अशा घरात एकदा साफ केलं म्हणजे झालं, असं होत नाही. तोच तुकडा दर दोन वर्षांनी तुंबतो. कोणता तुकडा हे लिहून ठेवलं असेल तर तेवढाच बदलता येतो. लिहून ठेवलेलं नसेल तर दर वेळी नव्याने साफसफाईचे पैसे मोजले जातात.

टाकीचं घर

जिथे रस्त्यात मैलावाहिनीच नाही तिथे शोध वेगळा. कोकण, गोव्याचा बराचसा भाग, तालुक्याची गावं, शहरांच्या कडेचे नवे प्लॉट, इथे पाणी सेप्टिक टाकीत आणि तिथून शोषखड्ड्यात जातं. टाकी संडासाच्या बाजूला, जाड पाइपाच्या रेषेत शोधायची. तिच्यावर हवेचा उभा पाइप असतो. तो तुटून गेला असेल तर जमिनीलगत त्याचं खोड तरी सापडतं. वास्तुशास्त्र मानून बांधलेल्या घरांत टाकी बहुधा वायव्येला ठेवलेली असते, तेव्हा त्या कोपऱ्यात आधी पाहावं. पण जागेचा उतार वायव्येला नसेल तर गवंड्याने पाइप फिरवून नेलेला असतो आणि मध्ये एखादं चेंबर असतंच. टाकीला दोन कप्पे असतात, म्हणून झाकणंही दोन शोधायची. मैला पहिल्या कप्प्यात जास्त बसतो. एकच झाकण सापडलं आणि ते दुसऱ्या कप्प्याचं असलं, तर मैलागाडी येऊन नुसतं पाणी उपसून जाते, पैसे घेते, आणि दोन महिन्यांत तक्रार पुन्हा उभी राहते.

ही जागा माहीत नसण्याचा कोकण-गोव्यात आणखी एक धोका आहे, विहिरीचा. भारतीय मानकांनुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर लांब हवा. जांभ्या दगडात फटी आणि पोकळ्या पुष्कळ असल्याने पाणी न गाळता दूरवर जाऊ शकतं, तेव्हा हे अंतर तिथे जास्तच असायला हवं. घराच्या वाटण्या होतात, भाऊ-भाऊ आवारात कुंपण घालतात, एकाचा जुना शोषखड्डा दुसऱ्याच्या वाट्याला जातो आणि पुढच्या पिढीत त्याच्यापासून वीस फुटांवर बोअर पडते. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद सापडते. शोषखड्ड्याची नोंद कुठेही होत नाही. देशावरच्या काळ्या मातीत अडचण उलटी: तिथे खड्डा पाणी शोषतच नाही, टाकी भरून वाहते आणि लोक ती गटाराला जोडून मोकळे होतात.

"हे आमचं काम आहे का?"

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो असा की आम्ही कर भरतो, हे पालिकेचं काम आहे. रस्त्यातली वाहिनी पालिकेची, हे खरंच. आवाराच्या आतली मात्र मालकाची, आणि तिचा नकाशा पालिकेकडून आपोआप येत नाही. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागता येते आणि ती मागावीच. तरी तिच्यावर विसंबून चालत नाही. कागदावर वाहिनी सरळ दाखवलेली असते; खोदताना काळा पाषाण लागला की ठेकेदार ती वळवतो, आणि ते वळण फक्त त्या दिवशीच्या मजुरांना ठाऊक असतं. नव्या इमारतींना कायद्याचा आधार आहे. रेरा कायद्याच्या कलम १७ प्रमाणे भोगवटा प्रमाणपत्रानंतर ३० दिवसांत सामाईक जागांसकट आवश्यक नकाशे आणि कागदपत्रं विकासकाने रहिवाशांच्या संस्थेला द्यायची असतात, आणि कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा सेवांमध्ये दोष दिसला तर तो त्याने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ताबा घेताना लोक लिफ्ट, टाइल्स, क्लबहाऊस तपासतात. प्रत्येक चेंबर उघडून दाखवा असं म्हणणारी कमिटी विरळा. पुनर्विकासाच्या करारांवर सध्या शहरभर सह्या चालू आहेत. त्यात प्रत्यक्ष टाकलेल्या वाहिन्यांचा मोजमापासह नकाशा ही एक अट घालायला एक ओळ पुरते.

दुसरा आक्षेप, आमच्या प्लंबरला सगळं ठाऊक आहे. असेलही, आणि अशा माणसाचं ज्ञान मोलाचं असतं. पण तो कायमचा गावी गेला किंवा थकला की ते ज्ञान त्याच्याबरोबर जातं. त्याला सोबत घेऊन, त्याच्या वेळेचे पैसे देऊन ते कागदावर उतरवणं हाच त्या ज्ञानाचा मान आहे.

तिसरा आक्षेप समजण्यासारखा आहे: झाकणं दिसायला वाईट, वास येतो, तुळशीवृंदावनाशेजारी ती नकोत. यावर उपाय बाजारात आहे. खोलगट तबकासारखी झाकणं मिळतात. त्यात भोवतालचीच फरशी किंवा ब्लॉक बसवता येतो, कडेला दुहेरी खाच असते आणि तिच्यात ग्रीस भरलं की वास आणि झुरळं दोन्ही थांबतात. उचलायला किल्लीची भोकं असतात. झाकण डोळ्यांआड करायला हरकत नाही. पोचता न येणारं करणं ही वेगळी गोष्ट. तिच्याबद्दल सवलत नको.

राहिला प्रश्न यंत्रांचा. आता लवचीक केबलच्या टोकाला कॅमेरा लावून वाहिनीच्या आतलं चित्र पडद्यावर दिसतं. त्या टोकात संदेश सोडणारा छोटा ट्रान्समीटर असला तर जमिनीवर यंत्र फिरवून त्याची जागा आणि खोलीही कळते. हे तंत्र उत्तम आहे, मोठ्या सोसायटीने एकदा ते करून घ्यावंच. पण कॅमेरा आत सोडायला उघडं तोंड लागतं. जेटिंगच्या गाडीची नळी आत घालायलाही ते लागतं. सगळं यंत्राने करता येण्याची पूर्वअटच मुळी सापडणारं झाकण ही आहे.

जुन्या बांधकामांत ही जाण होती. कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी पुण्यात पाणी आणलं तेव्हा त्या भुयारी नळावर जागोजागी उच्छ्वास बांधले, हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी. गिरगाव-काळबादेवीकडच्या जुन्या इमारतींच्या मधल्या हाऊस गल्ल्याही त्याच कामाच्या. वाहिन्या तिथून जात आणि साफ करणारा मागच्या मागे तिथे पोचे. त्याने घरात पाऊल टाकू नये, हा त्या रचनेतला जातीचा हिशेबही विसरता येत नाही. आज त्या गल्ल्यांत खिडक्यांतून कचरा पडतो, आणि जिथे गल्ली नाही तिथे आपण फरशी घातली आहे. सोय गेली, पण मैल्यात उतरायचं कोणी याचा जातीय हिशेब तेवढा शिल्लक राहिला.

उतरणारा माणूस

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका खासगी गृहसंकुलाची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार मरण पावले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्येकी १० लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. पुढे २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा टाकीत उतरवायला मनाई केली आहे. ही मनाई पालिकेपुरती नाही. काम सांगणारी सोसायटी, तिचा चेअरमन, बंगल्याचा मालक हे सगळे तिच्यात येतात, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

टाकीतला मृत्यू बहुतेक वेळा क्षणात येतो. कुजणाऱ्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास मारतो. प्रमाण वाढलं की नाकाची संवेदनाच मारून टाकतो. वास थांबला म्हणजे हवा सुधारली असं वाटतं आणि माणूस आणखी आत जातो. वरचा सोबती त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. म्हणूनच अशा बातम्यांत मृत्यू वारंवार दोन-तीनच्या संख्येने येतात.

कोणी म्हणेल, झाकणाच्या नकाशाचा याच्याशी संबंध ओढूनताणून जोडला आहे. माणूस उतरतो तो गरिबीमुळे, जातीमुळे, ठेकेदारीमुळे. ही कारणं खरीच आहेत आणि नकाशाने ती मिटणार नाहीत. पण त्याला उतरवण्याचा निर्णय ज्या क्षणी होतो तो क्षण पाहावा. गाडीची नळी पोचत नाही कारण टाकीच्या पहिल्या कप्प्याचं झाकण पार्किंगखाली आहे. सळई अडते कारण वळणावरचं चेंबर सापडत नाही. तेव्हा कोणीतरी म्हणतं, "जरा आत उतरून बघ ना." ते वाक्य उच्चारायची वेळ येऊ न देणं हे मालकाच्या हातात असतं, आणि गरिबी-जातीची मोठी लढाई संपायची वाट त्यासाठी पाहावी लागत नाही.

उघडं झाकणही तितकंच घातक, हेही इथे सांगायला हवं. २९ ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतल्या पुरात एक नामवंत डॉक्टर पाण्यातून घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. साचलेलं पाणी ओसरावं म्हणून ते झाकण काढलेलं होतं. तेव्हा शोध घेताना उघडलेल्या प्रत्येक झाकणापाशी माणूस उभा हवा, मुलांना दूर ठेवायला हवं, काडी-बिडी पेटवायची नाही, आणि डोकं आत घालून वाकायचं नाही. टाकीचं झाकण तर मैलागाडीच्या माणसांशिवाय उघडूच नये. तिची जागा शोधायला ते उघडावं लागतही नाही.

सोसायटीच्या कमिटीने, बंगल्याच्या मालकाने, गावाकडे आई-वडिलांचं घर असणाऱ्या प्रत्येकाने या दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत एक सकाळ यासाठी काढावी. पाऊस संपलेला असतो, जमिनीवरच्या ओल्या खुणा अजून दिसत असतात. प्रत्येक झाकणाचं इमारतीच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासूनचं अंतर मोजा, खोली लिहा, प्रवाहाचा बाण काढा, बुजलेली झाकणं जमिनीच्या पातळीला आणा, आणि तो कागद प्लास्टिकमध्ये घालून मीटरच्या खोलीत लावा. एक प्रत सोसायटीच्या दप्तरात ठेवा. टाकी किंवा वाहिनी साफ करायची असेल तर केंद्र सरकारने २०२० मध्ये सुरू केलेला मदत क्रमांक आहे: १४४२०. तोही त्याच कागदावर लिहा. गाडी आली की झाकणापाशी तुम्ही स्वतः उभे राहा, आणि कोणी आत उतरायला निघालं तर काम तिथेच थांबवा.